बांधावरची वाइन

युरोपातील द्राक्षमळ्यांचा देखावा निसर्गाने घडवला, असा पर्यटकाचा समज असतो आणि पोस्टकार्डे विकणारे तो दूर करीत नाहीत. प्रत्यक्षात हा देखावा मठवासी, सरदार, वारसदार, दलाल, वकील आणि तलाठ्यांच्या पंक्तीत शोभतील असे असंख्य कारकून यांनी मिळून घडवला. निसर्गाच्या वाट्याला ऊन, पाऊस आणि उतार एवढीच कामे आली. उतारही असा, की त्यावर दुसरे काही पिकण्याची आशा नव्हती. द्राक्षवेलीचा स्वभाव मुळात विचित्र. सुपीक, ओलसर जमिनीत ती पानांनी माजते आणि घड पाणचट देते. चुनखडी, खडी किंवा पाटीचा दगड असलेल्या जमिनीत मुळे खोल घालून कशीबशी जगते, आणि तिथे मात्र तिची वाइन नावाजली जाते. एरवी कोणत्याही शेतकऱ्याने होणाऱ्या व्याह्यांपासून लपवून ठेवली असती अशी जमीन त्यामुळे युरोपात सर्वांत महाग ठरली. जमीन महाग झाली की बांधाला महत्त्व येते. युरोपीय वाइनचा इतिहास हा पुष्कळसा बांधांचा इतिहास आहे.

ही कला शिखरावर पोचली फ्रान्समधल्या बर्गंडीत. दीजों शहरापासून दक्षिणेकडे साधारण साठ किलोमीटर लांबीची टेकड्यांची एक अरुंद पट्टी जाते. तिचे १,२४७ तुकडे पाडलेले असून प्रत्येकाला स्वतंत्र नाव, ठरलेली हद्द आणि ठरलेली प्रतिष्ठा आहे. या तुकड्यांना तिथे ‘क्लिमा’ म्हणतात, आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. उताराच्या मधल्या उंचीवरचा तुकडा उच्चकुलीन, पायथ्याचा सामान्य. दोहोंच्या मध्ये एक गाडीवाट. वाटेच्या अलीकडची वाइन पलीकडच्या वाइनपेक्षा कित्येक पटींनी महाग असू शकते. दोन्हीकडे द्राक्ष तेच पिनो न्वार, पाऊस तोच, पुष्कळदा शेतकरीही तोच. फरक जमिनीच्या पोटात आहे असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. पर्यटकाला तो दिसत नाही. त्याला किंमत दिसते, आणि मग तो वाटेच्या योग्य बाजूला उभा राहून फोटो काढून घेतो.

ही विभागणी प्रथम केली मठवासीयांनी. सिस्टर्शियन पंथाचा मठ १०९८ साली सितो येथे स्थापन झाला आणि पुढची कित्येक शतके या मंडळींनी कुठल्या वाफ्यातली वाइन कशी होते याच्या नोंदी ठेवल्या. माती कशी आहे हे ते जिभेवर ठेवून पाहत, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, सामान्य शेतकऱ्याकडे नसलेल्या तीन गोष्टी त्यांच्याकडे होत्या: भरपूर वेळ, लिहिण्याची सवय आणि वारसांचा अभाव. यांतली तिसरी सर्वांत मोलाची. त्यांनी बांधलेल्या भिंतीच्या आतला क्लो द वूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा शतकानुशतके अखंड राहिला, कारण हिस्सा मागायला पुतणे नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, पुढे नेपोलियनच्या कायद्याने सर्व अपत्यांना सारखा वाटा दिला, आणि बर्गंडीत वाटण्यांचा हंगाम सुरू झाला. क्लो द वूजो १८८९ साली तुकड्यांनी विकला गेला. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ८० मालक आहेत. काहींच्या वाट्याला मोजून काही ओळी येतात. सातबाऱ्यावर इतकी नावे चढलेली जमीन महाराष्ट्रात पडीक राहते आणि तिची कागदपत्रे कोर्टात जातात; बर्गंडीत तिच्या बाटल्या लिलावात जातात. या मळ्यासमोरून जाताना नेपोलियनच्या काळातल्या एका कर्नलाने आपल्या पलटणीला थांबवून सलामी द्यायला लावली, अशी आख्यायिका आहे. सलामी नेमकी कोणत्या मालकाला होती, हा प्रश्न तेव्हा उद्भवला नव्हता.

राजकारण्यांनीही हातभार लावला. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे या द्राक्षजातीविरुद्ध फर्मान काढले. भरपूर पिकणारी, लवकर येणारी, गरिबाला परवडणारी ही जात ड्यूकला वाईट आणि शिवाय बेइमान वाटली, म्हणून ती उपटून टाकण्याचा हुकूम झाला. वनस्पतीवर राजद्रोहाचा ठपका येण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. गामेने दक्षिणेला बोजोलेच्या टेकड्यांत आश्रय घेतला आणि तिथे ती आजही सुखाने नांदते. पुढे १४४३ साली याच घराण्याचा चॅन्सेलर निकोला रोलँ याने बोन गावात गरिबांसाठी रुग्णालय बांधले. रोलँने इतके लोक गरीब केले आहेत की त्यांच्यासाठी रुग्णालयही त्यानेच बांधणे रास्त आहे, असे फ्रान्सचा राजा अकरावा लुई म्हणाल्याचे सांगतात. रुग्णालयाला लोकांनी पुण्यासाठी द्राक्षमळे दान दिले. त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून चालत आला आहे. हल्ली तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. पूर्वी मेणबत्ती विझेपर्यंत बोली लावण्याची रीत होती. परोपकारासाठी खिसा रिकामा करणाऱ्याला अंधाराचा थोडा आधार लागत असावा.

मळ्यांचे नाव एवढे झाले की गावांना आपली नावे अपुरी वाटू लागली. ज्यूव्रे या गावाने १८४७ साली आपल्या हद्दीतल्या शाँबर्तां या मळ्याचे नाव राजाच्या परवानगीने स्वतःपुढे जोडले. मोंत्राशे हा मळा प्यूलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवेवर पडतो. १८७९ मध्ये दोन्ही गावांनी त्याचे नाव लावून घेतले. हा तंटा समजुतीने मिटला असे म्हणता येईल, कारण पर्यटकाला दोन्ही गावांत तेच नाव दिसते आणि तो दोन्हीकडे थांबतो. सर्वांत दुर्मीळ तुकडा रोमाने-कोंती. क्षेत्र सुमारे साडेचार एकर. वर्षाला काही हजार बाटल्या. तिथे पाहण्यासारखे काय, तर एक बुटकी भिंत, एक दगडी क्रूस आणि एक पाटी. पाटीवर अत्यंत सभ्य भाषेत लिहिले आहे की लोक इथे येतात हे आम्ही समजू शकतो, पण रस्त्यावरच थांबावे. जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला माणूस ती पाटी वाचतो, रस्त्यावर थांबतो आणि समाधानाने परत जातो. २०१० साली एका इसमाने या बागेचा, मोजणी खात्याने हेवा करावा असा, वेलीनिहाय नकाशा मालकांना पाठवला आणि दहा लाख युरो न दिल्यास वेलींना विष घालण्याची धमकी दिली. पोलिसांनी खोट्या नोटांची पिशवी एका स्मशानभूमीत ठेवून त्याला पकडले.

इटलीत बांध ठरवण्याची पद्धत अधिक जलद होती. फ्लॉरेन्स आणि सिएना ही शहरे मधल्या कियांतीच्या टेकड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत होती. दंतकथा अशी, की शेवटी ठरले: कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊपिऊ घालून टुमटुमीत केले. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा काही दिवस उपाशी, अंधारात कोंडला. ठरल्या दिवशी बाहेर काढताच तो उजाडायच्या पुष्कळ आधी केकाटला. फ्लॉरेन्सचा स्वार तेवढाच आधी निघाला आणि सिएनाच्या वेशीपासून थोड्याच मैलांवर दुसऱ्याला भेटला. जवळजवळ सगळी कियांती फ्लॉरेन्सला मिळाली. काळा कोंबडा आज कियांती क्लासिको वाइनच्या बाटलीच्या मानेवर विराजमान आहे. पांढऱ्याचे पुढे काय झाले ते कथेत नाही, पण तो खाऊन-पिऊन तयार होता एवढे निश्चित.

याच टेकड्यांच्या सीमा १७१६ साली तिसऱ्या कोसिमो या ग्रँड ड्यूकने फर्मानाने जाहीर केल्या. हंगेरीतील तोकायचे क्षेत्र १७३७ साली राजाज्ञेने ठरले. पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्याची हद्द मार्किश द पोम्बाल याने १७५६ साली आखली. जगातला पहिला सीमांकित वाइनप्रदेश कोणता, या प्रश्नाचे उत्तर पर्यटक यांपैकी कोठे उभा आहे त्यावर अवलंबून असते. पोम्बालच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्याने नुसता कागद केला नाही, ग्रॅनाइटचे खांब रोवले. दोरूच्या पोर्ट वाइनला रंग आणण्यासाठी व्यापारी तिच्यात एल्डर झुडपाच्या फळांचा रस मिसळत. पोम्बालने त्या प्रदेशातली ती झुडपेच उपटायला लावली. लिस्बन शहर १७५५ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले होते आणि त्याची पुनर्बांधणी याच गृहस्थाकडे होती. अशा धांदलीत झुडपांचा बंदोबस्त करायला वेळ काढणारा प्रशासक विरळा.

दोरूची नदी त्या काळी खडकाळ आणि घातकी होती. जोसेफ फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्याने तिचा इतका बारकाईने नकाशा काढला की पोर्तुगालने त्याला बॅरन केले. १८६१ साली नाव उलटून तो याच नदीत बुडाला. सोबतच्या स्त्रिया वाचल्या. त्यांत पोर्ट व्यवसायातल्या सर्वांत कर्तबगार मालकीण दोना अंतोनिया फेरेरा होत्या. त्यांचे फुगीर झगे पाण्यावर तरंगले आणि बॅरनला कमरेच्या पैशांच्या पट्ट्याने खाली नेले, अशी कथा नावाडी सांगतात. फॅशनच्या बाजूने इतका भक्कम पुरावा इतिहासात दुसरा नाही. आता नदीवर धरणे आहेत, पाणी संथ आहे आणि पर्यटकांच्या बोटीवर जेवण मिळते. पोर्तुगीज गोव्यातून गेले, पण पोर्ट वाइन नावाची गोड लाल वाइन गोव्यात मागे राहिली. युरोपीय कायद्याच्या दृष्टीने ते नाव फक्त दोरूचे आहे. गोव्यातल्या नाताळाने हा कायदा वाचलेला नाही.

जमिनीचे तुकडे पाडून झाल्यावर त्यांची उतरंड लावणे ओघानेच आले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइनची यादी हवी होती. स्थानिक दलालांनी बाजारभाव पाहिले आणि सुमारे दोन आठवड्यांत लाल वाइनच्या मळ्यांचे पाच वर्ग करून दिले. ही घाईघाईची यादी आजही प्रमाण मानली जाते. दीडशेहून अधिक वर्षांत मालक बदलले, बांध सरकले, शेजारचे मळे पोटात घेतले गेले. पहिल्या वर्गात बढती मात्र एकच झाली: १९७३ साली मूतों-रोत्शिल्डची, तीही मालकाने अनेक दशके पाठपुरावा केल्यावर. त्या आदेशावर कृषिमंत्री जाक शिराक यांची सही आहे. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्यांनाही तेवढा वेळ लागला नाही.

शेजारच्या सेंत-एमिलियाँने या अन्यायातून धडा घेतला आणि दर दहा वर्षांनी फेरतपासणीची सोय असलेली वर्गवारी १९५५ पासून सुरू केली. त्यामुळे बोर्दोत न बदलल्याबद्दल कुरकुर चालते आणि सेंत-एमिलियाँत बदलल्याबद्दल खटले चालतात. २००६ ची वर्गवारी न्यायालयाने रद्द केली. अलीकडच्या वर्गवारीत नुसत्या वाइनलाच नव्हे, तर मळ्याची प्रसिद्धी, पर्यटकांची सोय आणि सोशल मीडियावरची हजेरी यांनाही वजन आहे, या नाराजीतून सर्वोच्च वर्गातले शेव्हाल ब्लाँ आणि ओझोन हे मळे २०२१ साली यादीबाहेर पडले. नापास झालेल्याने परीक्षेवर टीका करणे जुने आहे. पहिल्या आलेल्याने परीक्षेला बसायला नकार देणे हे वाइनच्या क्षेत्राचे योगदान.

या सर्व प्रतिष्ठेच्या मुळावर एकोणिसाव्या शतकात एक मिलिमीटरहून लहान कीड आली. फायलोक्सेरा नावाची ही मूळ अमेरिकेतली माव्यासारखी कीड तिकडून आणलेल्या हौशी रोपांबरोबर आली आणि १८६० च्या दशकापासून फ्रान्समधले मळे उभेच्या उभे वाळू लागले. कीड मुळांवर आहे हे मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनी १८६८ साली शोधले. पण मेलेल्या वेलीवर ती सापडत नसे, कारण जेवण संपताच ती पुढच्या वेलीकडे जाई. सरकारने ३,००,००० फ्रँकांचे बक्षीस लावले. बक्षीस मोठे असले की देशात तज्ज्ञांची संख्या वाढते. मळे पाण्याखाली बुडवा, मुळांशी जळजळीत रसायन टोचा, वेलीखाली जिवंत बेडूक पुरा, असे शेकडो उपाय आले. शेवटी उपाय निघाला तो असा: अमेरिकन वेलीची मुळे या किडीला दाद देत नाहीत, तर खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच कलम. रोगही तिकडचा, औषधही तिकडचे. ज्या मातीचे गुण वाइनमध्ये उतरतात असे फ्रान्स जगाला ऐकवत होता, त्या मातीत यापुढे अमेरिकन मुळे राहणार होती. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. कलमाने रोग टळतो, बरा होत नाही, अशी सरकारी सबब निघाली. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. त्याच्याकडे ही कीड नसली तरी पाण्याचा ताण आणि खारवट जमीन आहे, आणि त्यासाठी त्याने डॉगरिज हा अमेरिकन खुंट केव्हाच लावला आहे. त्याने त्यावर कविता केली नाही, एवढाच फरक.

मळे वाळले तरी पिणाऱ्यांची तहान वाळली नाही. बेदाणे, साखर आणि पाणी यांपासून वाइन होऊ लागली. खऱ्या शेतकऱ्यांचे दिवाळे निघाले आणि १९०७ साली दक्षिण फ्रान्समध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. १९११ मध्ये शॅम्पेन प्रांतात दंगे झाले, कारण बाहेरची द्राक्षे आणून व्यापारी शॅम्पेन करीत होते. शिवाय ओब जिल्हा शॅम्पेनमध्ये धरायचा की नाही यावर सरकार मत बदलत होते. आय गावातली तळघरे फोडली गेली आणि रस्त्यांवरून वाइन वाहिली. ओब जिल्ह्याला कायमची जागा १९२७ साली मिळाली. अखेरीस १९३५ मध्ये फ्रान्सने नावांचे रक्षण करणारी राष्ट्रीय यंत्रणा उभारली. कोणत्या गावात कोणते द्राक्ष, छाटणी कशी, हेक्टरी किती रस, मद्यार्क कमीत कमी किती, हे सर्व कायद्याने ठरले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो; फ्रान्समध्ये तो वाइनला लागतो.

नियमांची सवय जडली की ती कुठवर जाईल सांगता येत नाही. १९५४ साली फ्रान्समध्ये उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांचे पेव फुटले होते. रोन नदीकाठच्या शातोनफ-द्यु-पाप गावाच्या महापौरांनी तेव्हा आदेश काढला, की गावाच्या हद्दीवरून तबकड्यांनी उडू नये, द्राक्षमळ्यांत उतरू नये. उतरल्यास यान जप्त होईल. २०१६ साली हा आदेश मागे घेण्याचा विषय निघाला, तेव्हा नव्या महापौरांनी नकार दिला. एकही तबकडी आजवर उतरलेली नाही, आणि इतके यश मिळालेला कायदा रद्द करण्याचे कारण नव्हते.

शॅम्पेनचे प्रकरण स्वतंत्र आहे, कारण तिथे दोषाचे भांडवल झाले. ओव्हिलेर मठाचा कोठारप्रमुख दों पेरिन्यों याने शॅम्पेनचे बुडबुडे शोधले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात १६६८ ते १७१५ या काळात तो गृहस्थ वाइनमध्ये बुडबुडे येऊ नयेत म्हणून झटत होता. थंडीने अर्धवट थांबलेला किण्व वसंतात बाटलीत पुन्हा जागा होई आणि बाटल्या एकामागून एक फुटत. तळघरातले कामगार लोखंडी मुखवटे घालून वावरत. लोकांना मात्र हा फेस आवडला. अपयशाबद्दल पुतळा मिळालेल्या मोजक्या माणसांत पेरिन्यों येतो. एपर्ने गावात तो बाटली हातात धरून उभा आहे. पुढचे मोठे काम एका विधवेने केले. पती वारल्यावर सत्ताविसाव्या वर्षी धंदा हाती घेतलेल्या मादाम क्लिको यांच्या तळघरात १८१६ च्या सुमारास भोके पाडलेल्या टेबलाची युक्ती निघाली. बाटल्या त्यात उलट्या खोचून रोज थोड्या फिरवल्या की गाळ बुचापाशी जमतो आणि काढता येतो. एपर्नेच्या खाली आज सुमारे ११० किलोमीटरची तळघरे आहेत. वर श्रीमंतांची घरे, खाली त्याहून श्रीमंत अंधार.

शॅम्पेन या नावासाठी तिथली मंडळी जगभर खटले लढतात. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन नावाचे एक लहान गाव आहे. तिथे शतकानुशतके साधी, बिनबुडबुड्यांची वाइन होते. २००४ पासून तिच्यावर गावाचे नाव घालायला बंदी आली. गाव आपल्या जागी आहे, पाटीवर नाव आहे, बाटलीवर नाही. दैवाने फासे उलटे टाकले ते २०२१ मध्ये: रशियाने कायदा केला की रशियन लिपीत ‘शाम्पान्स्कोये’ म्हणवून घेण्याचा अधिकार फक्त रशियन वाइनला, आणि फ्रान्सहून येणाऱ्या शॅम्पेनने मागच्या लेबलवर स्वतःला फेसाळ वाइन म्हणवून घ्यावे.

आता पर्यटन. वाइन पर्यटनाच्या पुष्कळशा प्राचीन परंपरा १९३० च्या दशकात जन्मल्या, कारण तेव्हा मंदी होती आणि तळघरे भरलेली होती. बर्गंडीत १९३४ साली काही जाणत्यांनी विचार केला, की वाइन कोणी विकत घेत नाही, तर निदान मित्रांना बोलावून प्यावी. त्यातून वाइनसरदारांचा संघ निघाला. लाल-सोनेरी झगे, तुताऱ्या, लॅटिन मंत्र असा त्यांचा थाट पाहून पर्यटकाला मध्ययुगात आल्यासारखे वाटते. १९३५ साली जर्मनीत, नाझी राजवटीत, श्वाइगेन ते बोकेनहाइम असा सुमारे ८५ किलोमीटरचा वाइनमार्ग जाहीर झाला. त्यावरच्या बाट ड्युर्कहाइम गावात १९३४ साली १७ लाख लिटर मावेल असे जगातले सर्वांत मोठे पिंप बांधले गेले. त्यात आजवर वाइनचा थेंब भरलेला नाही. आत उपाहारगृह आहे. याच गावात दरवर्षी मोठा वाइनोत्सव भरतो आणि त्याचे अधिकृत नाव सॉसेज बाजार असे आहे. हायडेलबेर्गच्या किल्ल्यातले १७५१ चे पिंप तुलनेने लहान, दोन लाख लिटरांच्या पुढचे. त्याचा राखणदार पेर्केओ हा ठेंगू विदूषक आयुष्यभर वाइनवर जगला आणि वैद्याच्या सल्ल्याने एकदाच पाणी प्यायला तेव्हा मेला, अशी कथा मार्गदर्शक सांगतात. मार्क ट्वेनने या रिकाम्या पिंपाची यथेच्छ टिंगल केली आहे. तरी रांग कमी झालेली नाही.

जर्मनीतली सर्वांत लाभदायक दिरंगाई १७७५ सालची. ऱ्हाइनकाठच्या योहानिसबेर्ग मळ्याचा मालक फुल्डाचा धर्माधिपती होता आणि तोडणीला त्याची लेखी परवानगी लागे. त्या वर्षी परवानगी आणणारा घोडेस्वार दोन आठवडे उशिरा आला. तोवर द्राक्षांवर बुरशी चढली होती. नाइलाजाने तशीच तोडली, आणि वाइन अप्रतिम गोड निघाली. तेव्हापासून उशिरा तोडणी हा दर्जा मानला जातो. मळ्याच्या अंगणात त्या स्वाराचा पुतळा आहे. त्याला उशीर का झाला याची चौकशी झाली नाही. सरकारी दिरंगाईची स्मारके सहसा इमारतींची असतात, घोड्यावरचे हे एकच.

मळ्यात पोचल्यावर चाखण्याचा विधी होतो. पेला तिरका धरून रंग पाहणे, गोल फिरवणे, नाक खुपसणे, घोट तोंडात घोळवणे आणि तस्तात थुंकणे, असा त्याचा क्रम आहे. हजारो रुपये खर्चून आलेल्या माणसाला थुंकण्याचे शिक्षण मिळते. मुरलेल्या रीझलिंगला रॉकेलसारखा वास येतो आणि तो गुण समजला जातो. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये मांजराच्या मुताचा वास ओळखणारा रसिक, काही लाल वाइनमध्ये घोड्याचा तबेला हुंगणारा त्याहून रसिक. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. १९७६ मध्ये पॅरिसला बाटल्यांची नावे झाकून चाचणी झाली आणि फ्रेंच परीक्षकांनी लाल व पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिले स्थान दिले. यावरून पर्यटकाने काय घ्यायचे, तर धीर. नाकाला काहीच कळले नाही तर ‘खनिजांचा भास होतो’ म्हणावे. खडकावरच उभे असल्याने ते खोटे ठरत नाही.

मुंबई-पुण्याहून निघालेल्या सहलीत हा तास बहुधा दुपारच्या जेवणाआधी येतो. न पिणारे पिंपांचे फोटो काढतात, आणि तोवर कुणीतरी भाकरवडी काढलेली असते. ती वाइनबरोबर चांगली लागते, हे मार्गदर्शकाच्या पुस्तकात नाही. चमूत एखादा द्राक्षबागायतदार असला तर तो पेल्याकडे न पाहता वेलीकडे पाहतो. वेल गुडघ्याएवढी, मांडव नाही, घड मुठीएवढे. तो एकरी उतारा विचारतो. बर्गंडीच्या सर्वोच्च मळ्यांत हेक्टरी ३५ हेक्टोलिटरच्या आसपास, म्हणजे द्राक्षांच्या हिशेबात एकरी दोन टनांच्या आतबाहेर मर्यादा आहे, त्याहून जास्त पिकवणे नियमबाह्य, हे ऐकल्यावर तो मार्गदर्शकाकडे सहानुभूतीने पाहतो.

तीव्र उतारांवरच्या मळ्यांचे अर्थशास्त्र याहून बिकट. मोझेल नदीकाठी ब्रेम गावाजवळचा काल्मोंट मळा काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढतो. तिथे छाटणी हा गिर्यारोहणाचा प्रकार आहे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या लावो टेकड्यांवर मठवासीयांनी मध्ययुगात पायऱ्या काढल्या. तिथे वेलींना तीन सूर्य मिळतात असे म्हणतात: आकाशातला, सरोवरातून परावर्तित होणारा आणि दिवसभर तापलेल्या दगडी भिंतींतला. जमीन बंगल्यांसाठी विकली तर मिळणारा पैसा हा चौथा सूर्य. तो मावळावा म्हणून पर्यावरणवादी फ्रांत्स वेबर यांनी मोहीम काढली आणि १९७७ साली मतदारांनी संरक्षणाच्या बाजूने कौल दिला. २००७ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला. स्विस लोक आपली वाइन जवळजवळ सगळी स्वतःच पितात, निर्यात जेमतेम एक-दोन टक्के. सरोवराकाठच्या व्हेवे गावात द्राक्षमजुरांच्या सन्मानाचा महोत्सव १७९७ पासून पिढीतून एकदा भरतो. १९९९ नंतरचा २०१९ मध्ये भरला, त्यासाठी २०,००० आसनांचे प्रेक्षागृह उभारून नंतर मोडून टाकण्यात आले. चांगले काम करणाऱ्या मजुराला मुकुट मिळतो. पिढीतून एकदा, हे पुन्हा सांगायला हवे.

इटलीच्या किनाऱ्यावरची चिंक्वे तेर्रे ही पाच गावे १९९७ साली वारसा यादीत गेली ती समुद्रावर लटकणाऱ्या पायऱ्यांच्या शेतीसाठी. दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय उभारलेल्या तिथल्या गडग्यांची लांबी चीनच्या भिंतीशी तोलून सांगण्याचा तिथे प्रघात आहे. गडगा दरवर्षी डागडुजी मागतो. डागडुजी करणारी मुले शहरात गेली, उरलेल्यांना द्राक्षे वाहण्यापेक्षा खोल्या भाड्याने देणे सोपे वाटले, आणि मळ्यांचे क्षेत्र घटत गेले. जो देखावा पाहायला लोक येतात तो टिकवणारे लोक, बघायला येणाऱ्यांची पथारी घालण्यात गुंतले आहेत. उरलेली द्राक्षे एका दाती रुळावरच्या चिमुकल्या मोनोरेलने खाली येतात. चालक बाजूला बसतो आणि देवाचे नाव घेतो. समुद्राकडची प्रसिद्ध पायवाट २०१२ साली दरड कोसळून बंद झाली, ती बारा वर्षांनी तिकीट लावून उघडली. अरुंद डोंगरवाटांवर स्लिपर घालून येणारे पर्यटक अडकू लागले आणि त्यांना सोडवण्यात बचावपथक दमून गेले, तेव्हा २०१९ मध्ये उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी अयोग्य पादत्राणांवर ५० ते २,५०० युरो दंड जाहीर केला. कोल्हापुरी चपलेचा त्यात वेगळा उल्लेख नाही.